एकाच औषधाची दोन नावं

वानखडे सर माझ्या दुकानाचं काउंटर धरून उभे होते आणि त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. आठवी ते दहावी त्यांनीच मला गणित शिकवलं. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत माझं मेडिकल आहे, त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांचा शर्ट घामानं ओला झाला होता, हात थरथरत होते.

मागोमाग त्यांचा मुलगा प्रशांत गाडीवरून आला, वैतागलेला. मागच्या महिन्यात सर पलीकडच्या सिंदी मेघे गावात भटकताना सापडले होते. तेव्हापासून घराच्या गेटला कुलूप आणि सरांच्या शिकवण्या बंद. आज कुलूप लावायचं राहिलं होतं.

"बाबाले काही लक्षात राह्यत नाई आता," तो त्यांच्यादेखत म्हणाला. "वय झालं."

सरांना मधुमेह आहे, त्यामुळे घाम पाहून मला शंका आली. दुकानातल्या ग्लुकोमीटरवर साखर तपासली. अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की मेंदूला इंधन पुरत नाही. माणूस गोंधळतो, चिडतो, रस्ता विसरतो. ग्लुकोज पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी सर म्हणाले, "सुनील, मले इथं काऊन बसवलं?"

प्रशांतला घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला लावल्या. एक स्ट्रिप वर्ध्याच्या डॉक्टरांची. दुसरी, सर आर्वीला मुलीकडे राहिले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत साखर उतरवणारं औषध एकच. आठ महिने सर दुप्पट डोस घेत होते. घेतल्याचं विसरले की आणखी एक. तिसरी स्ट्रिप स्मरणशक्तीच्या गोळ्यांची होती.

तिन्ही माझ्याच दुकानातल्या.

वर्ध्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच बोलावून घेतलं, दोन दिवस ठेवून घेतलं. एक गोळी बंद केली, दुसरी बदलली. पुढे घाम, थरथर, भटकणं थांबलं. पण सगळं परत आलं नाही. साखर वारंवार इतकी उतरली की काही नुकसान कायमचं राहू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. सरांना तीसचा पाढा येतो, कालचं जेवण आठवत नाही. शिकवणीची मुलं दुसरीकडे गेली.

सर अधूनमधून दुकानात येऊन बसतात आणि विचारतात, "दोन्ही गोळ्या तूच देत होता ना? वाचलं नाई का रे?"

"नाई सर."

पुढच्या खेपेला ते हेच पहिल्यांदा विचारावं तसं विचारतात. मीही पहिल्यांदा कबूल करावं तसं करतो.

म्हातारं माणूस विसरायला लागलं की वय मोजण्याआधी साखर मोजावी. आणि औषध देणाऱ्यानं स्ट्रिपवर कंपनीनं दिलेलं नाव नाही, आतलं औषध वाचावं. हे फार्मसीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात.