पेंढेवाले आणि मागून चालणारी

कागदोपत्री त्यांचे पूर्ण नाव चांगले भारदस्त होते. परंतु ते नाव घेऊन चौकात चौकशी केली असती, तर कोणी घर दाखवले नसते. ‘पेंढेवाले’ म्हटले, की मात्र पोरेसोरेही दारापर्यंत आणून सोडत. ते एकाहत्तर वर्षे जगले. त्यांतली बहुतेक सारी वर्षे इतरांची उजाड कुरणे झाकण्यात गेली आणि अखेरची दोन काहीही न करण्यात गेली. ही हकिगत त्या अखेरच्या दोन वर्षांची आहे, आणि त्यांच्याइतकीच त्यांच्या एकुलत्या एका कन्येची आहे.

त्यांचा व्यवसाय प्रथम सांगणे इष्ट. गुरे एकाच जागी फार काळ चरली, की गवत मुळासकट जाते. पाण्याच्या हौदाभोवती, फाटकापाशी, जिथे खुरे रोज पडतात तिथे जमीन पार उघडी पडते. तिथे नुसते बी फेकून भागत नाही. वारा ते उडवतो, पाणी वाहून नेते, ऊन भाजून काढते. म्हणून बियाण्यावर पेंढ्याचे आच्छादन पसरायचे. किती जमिनीला किती गठ्ठे लागतील, हे पेंढेवाले कुरणाच्या कडेने एक फेरी मारून सांगत, आणि सांगितलेला शेवटचा गठ्ठा शेवटच्या कोपऱ्यात संपे. लोक थट्टेने म्हणत, “पेंढेवाले, आमच्या घरी कार्य आहे, पाहुणे किती येतील तेवढं बघून सांगा.” त्यावर ते गंभीरपणे यजमानाच्या अंगणाकडे पाहत आणि म्हणत, “तुमचा स्वभाव बघता खुर्च्या निम्म्याच मागवा.”

अंदाज त्यांचा, पसरण्याच्या कामाला मात्र दोन माणसे लागत, आणि हा त्यांचा नियम कधी मोडला नाही. पुढचा माणूस पेंढा पसरत जाई. मागून दुसरा लोखंडी कडे घेऊन येई. पिंपाला असते तसले ते कडे न बघता खांद्यावरून मागे टाकायचे आणि पडेल तिथे वाकून आत पाहायचे. पेंढ्याच्या काड्यांमधून माती दिसली पाहिजे. पेंढेवाले स्वतःचे डोके पुढे करून नवख्यांना समजावत, “हे बघा, असं. केस आहेत, नाही असं नाही. पण खालचं कातडं लपत नाही. यापेक्षा दाट झालं की कोंब गुदमरतो.” माती दिसेनाशी झाली, की मागच्याने “बास!” म्हणायचे. पसरणाऱ्याने स्वतःच्या कामाचा निवाडा स्वतः करायचा नाही. “हात सैल सुटला की सुटलाच,” ते म्हणत. “देणाऱ्याला आपण किती दिलं ते कळत नाही. ते मागून येणाऱ्याला कळतं.”

संसारभर मागून चालल्या त्या त्यांच्या पत्नी. त्यांचा “बास!” असा खणखणीत असे, की शेजारच्या शेतातली माणसेही हातातले काम थांबवत. त्या गेल्या, आणि पेंढेवाल्यांचे बोलणे, जेवणे, दाढी करणे, सारेच मंदावले. कडे दाराआडच्या खुंटीला लटकून राहिले.

कन्येची गोष्ट याच सुमाराची. तिने लग्न केले नव्हते. गुरे केली होती. एक-एक कालवड वाढवत तिने स्वतःचा कळप उभा केला होता आणि गावाबाहेरचे कुरण मेहनतीने आपल्या नावावर करून घेतले होते. आदल्या ओल्या मोसमात गुरे हलवायला दुसरी जागा मिळाली नाही, आणि त्यांनी कुरण तुडवून त्याचा चिखल केला. पुढे चिखल वाळला आणि उरली ती घरातल्या जमिनीसारखी टणक, उघडी माती. साठवलेला चारा अर्ध्याच्या खाली आला होता. तो संपायच्या आत कुरण हिरवे झाले, तर कळप राहणार होता. नाही तर जनावरांचा दलाल फाटकाशी उभा होताच. दलाल माणूस वाईट नव्हता. तो येई, कुंपणावर हात ठेवून गाई न्याहाळी आणि म्हणे, “ताई, घाई नाही. पण वाळत्या जनावराला भाव येत नाही, एवढं लक्षात असू दे.”

“तुमची नजर लागली म्हणून वाळतात,” ती म्हणे.

“माझी नजर लागली असती तर माझी बायको आधी वाळली असती!” असे म्हणून तो हसत निघून जाई.

अखेर ती वडिलांकडे गेली. “बाबा, माझ्या कुरणाचं बघाल का?” पेंढेवाल्यांनी तिच्याकडे पाहिले, उठले, दाढी केली, आणि खुंटीवरचे कडे काढून तिच्या हातात दिले. “मागून तू चालायचं,” ते म्हणाले. दुसरे कोणी उरलेच नव्हते.

त्या दिवशी कोरडा वारा होता. बी पेरून झाले, गठ्ठे सुटले, आणि पेंढेवाले निघाले. पहिल्या काही पट्ट्यांत कड्याच्या आत माती नीट दिसत होती. पुढे त्यांचा हात सैल सुटू लागला. मुठी मोठ्या होत गेल्या. ते मध्येच स्वतःशी गुणगुणत होते. आई गेल्यापासून तिने हा आवाज ऐकला नव्हता. मागे न बघता ते म्हणाले, “पोरी, या वाऱ्याला तुझं एक बीसुद्धा नेऊ देणार नाही. तुझ्या गाई उपाशी राहायच्या नाहीत, बघ तू.”

तिने कडे टाकले आणि वाकून पाहिले. माती दिसत नव्हती. थोडे पुढे जाऊन पुन्हा टाकले, तिथेही नाही. बोटे खुपसली तेव्हा पेंढा दुसऱ्या पेरापर्यंत लागला. तिला सगळे समजत होते. लहानपणी आईच्या पदराला धरून ती हेच बघत मोठी झाली होती. तिने तोंड उघडले, आणि नेमक्या त्याच क्षणी पेंढेवाले वळले. कपाळावर घाम, दाढीत काड्या, आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी आलेली तरतरी.

“काय गं, बास?” त्यांनी विचारले.

वारा खरेच कोरडा होता. दाट असेल तर निदान ओल टिकेल, असे तिने मनाला सांगितले. बाबांना आपल्यापेक्षा जास्त कळते, असेही सांगितले. दोन्हींवर तिचा विश्वास बसला नाही.

“चालू दे, बाबा,” ती म्हणाली.

ठरलेले गठ्ठे मधेच संपले. पेंढेवाल्यांचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा तोकडा पडला होता. पण त्यांनी शेजाऱ्याकडून आणखी गठ्ठे आणवले आणि कुरणाचे उरलेले टोकही तसेच जाड झाकले. संध्याकाळी ते पोटभर जेवले. तिने त्यांच्या ताटाकडे पाहिले आणि कुरणाचा विचार बाजूला सारला.

ओल टिकली. वाराही पडला. परंतु कोंब वर येण्याच्या वेळी कुरण पिवळेच राहिले. एका सकाळी दोघांनी मिळून पेंढा उचलून पाहिला. खाली बी रुजले होते, सारेच रुजले होते. पांढरट, दोऱ्यासारखे लांबलेले कोंब उजेड शोधत आडवे पसरले होते, आणि कुजका वास येत होता. पेंढेवाल्यांनी दाताळे उचलले आणि जादा पेंढा ओढू लागले. तीही ओढू लागली. बापलेकींनी सारे कुरण मोकळे केले. त्यानंतर कडक ऊन पडले, आणि अंधारात वाढलेल्या त्या कोवळ्या कोंबांना ते सोसले नाही. वरून झाकले म्हणून जे मेले नव्हते, ते उघडले म्हणून करपले.

चारा संपला. दलाल गाडी घेऊन आला तेव्हा त्याने थट्टा केली नाही. गाई फळीवरून एकामागून एक चढल्या. सर्वांत थोराड गाय, जिला ती ‘सासूबाई’ म्हणत असे, फळीशी अडून बसली. दलालाच्या माणसाने काठी उचलली. “मारू नका,” ती म्हणाली, “माझ्या मागे येते ती.” आणि ती स्वतः गाडीत चढली. गाय तिच्या मागोमाग आत आली. मग ती एकटी खाली उतरली.

पेंढेवाले त्या दिवशी फाटकापर्यंतही आले नाहीत. पुढे कोणी कुरण दाखवायला बोलावले, तर ते म्हणत, “माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही आता.” कन्या शहरातल्या दुधाच्या कारखान्यात कॅन धुण्याच्या कामाला लागली; इतरांच्या गाईंचे दूध रोज तिच्या हाताखालून जाई. सुट्टीला ती घरी येत असे. अशाच एका दुपारी जेवताना त्यांनी घास खाली ठेवला.

“एक विचारू? कडं तुझ्या हातात होतं. माती दिसत होती का?”

खरे सांगावे, तर आपण त्यांच्यासाठी गुरे गमावली, हे ओझे त्यांच्या डोक्यावर जाईल, असे तिला वाटले.

“मला काही कळलंच नाही, बाबा,” ती म्हणाली. “मला आपलं ठीकच वाटलं.”

त्यांनी मान हलवली. “तुला कुठून कळणार! तुझ्या आईला कळलं असतं. तुला मी कधी नीट शिकवलंच नाही.” जरा थांबून ते म्हणाले, “तुझी यात काही चूक नाही हं. जेव तू.”

तिने पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. पेंढा जाड पडला, हे एकच ओझे आजवर त्यांच्यावर होते. आता त्यात लेकीला अडाणी ठेवल्याचे ओझे तिने आपल्या हाताने घातले होते. पुढल्या खेपेला सांगू, असे तिने ठरवले. पुढल्या खेपेला ते तापाने पडलेले होते. त्यानंतरच्या खेपेला त्यांना बरे वाटत होते, हसत होते. तो दिवस नासवावासा तिला वाटला नाही. नंतर निरोप आला, तो ते गेल्याचाच.

मागचे व्यवहार सगळे रीतसर मिटले. घर चुलतभावाने घेतले. मागे उरलेला पेंढा कुजून माती भुसभुशीत झाली होती, त्यामुळे दुसऱ्या मोसमात त्याच कुरणावर गुडघाभर गवत उभे राहिले. ते तिने शेजाऱ्याला मेंढ्यांसाठी चरायला दिले. शेजारी म्हणाला, “तुमच्या वडिलांचा हातच वेगळा, बघा.” तिने होकार दिला. गुरे परत घेण्याविषयी त्याने एकदा विचारले, तेव्हा तिने नकार दिला आणि कारण सांगितले नाही.

एवढेच मिटायचे राहिले: ‘तुम्ही मला सारे शिकवले होते आणि मला सारे कळले होते,’ हे एक वाक्य लेक बापाला देणे लागत होती.