कोचीच्या धक्क्यावरची हाक

दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना घेऊन कोचीला गेले होते. अण्णा म्हणजे माझे वडील... सगळा जन्म परभणीकडे, पालमच्या शेतात गेला. समुद्र पहिल्यांदाच बघत होते, आणि पोहता अजिबात येत नाही.

बोटीत बसल्या बसल्या जो दोन्ही हातांनी कठडा धरला, तो सोडायलाच तयार नाहीत. मी फोटोसाठी "हसा की अण्णा" म्हणून मागे लागले. तर म्हणाले, "तू आधी खाली बस. लय हलायलीय ही." भाषा कळत नसूनही अख्खी बोट हसली.

मोठमोठी जहाजं, मासे पकडायची ती अवाढव्य जाळी बघत संध्याकाळी जुन्या बंदराकडे उतरलो. मसाल्याची जुनी गोदामं... सुंठ-मिऱ्यांच्या वासानं अण्णांना शिंका आवरेनात. रविवार होता, सगळीकडे कुलपं. गल्लीत आम्ही दोघंच.

मी एका दारावरच्या नक्षीचे फोटो काढत बसले. वळून बघते तर अण्णा नाहीत!

कोपऱ्यावर नाहीत, मागच्या गल्लीत नाहीत. त्यांचा मोबाईल माझ्याच पर्समध्ये. दोन गोदामांच्या मधून एक बोळ पाण्याकडे जात होता, त्यात शिरले आणि पळत सुटले. हाक मारायचंही सुचलं नाही.

बोळाच्या टोकाला पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. अण्णा पार खाली उभे... धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. समोर नुसतं काळं पाणी. बोट नाही, माणूस नाही.

"अण्णा!" कशीबशी ओरडले.

"ओ," म्हणाले, आणि शांतपणे वळून वर आले.

मी रडत रडतच त्यांच्यावर डाफरले. कुणाला विचारून इकडे आलात? तर तेच चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. "तूच बोलवायलीस की! 'अण्णा, इकडं या' म्हणून. दोनदा हाक आली खालून. म्हणून उतरलो... पण ओ दिली न्हाई."

आमच्याकडे तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. तिसरी येईपर्यंत थांबायचं. 'ते' तिसऱ्यांदा बोलावत नाही म्हणे. यावरून मी अण्णांची किती टिंगल केलीय...

"तिसरी वरून आली, मग वळलो," धोतर पिळत अण्णा म्हणाले. "पण खालच्या दोन्ही बी तुज्याच आवाजात होत्या माय."

मी एकदाच हाक मारली होती.

हॉटेलवर पोचेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. खरं सांगते, इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. ही रीत ज्यानं कुणी घालून दिली, त्याला मनोमन रोज हात जोडते.

परभणीला येऊन आठवडा झाला. अण्णा अंगणात बसलेत, चहा तयार आहे... आणि मी स्वयंपाकघरातून हाक न मारता कप घेऊन त्यांच्यापर्यंत चालत जाते.