झाकणाखालची मावशी

संत्र्यांसाठी घेतलेल्या पिकअपला झाकण कंपनीचं लावावं की बाजारातून ताडपत्री शिवून घ्यावी, या पेचात मी अमरावतीच्या शोरूममध्ये उभा होतो. तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी मावशी नमुन्याच्या गाडीत मागे चढली आणि झाकण ओढून आत आडवी झाली.

"टाक नं बापू पाणी! काहून घाबरून राहिला?" ती आतून मला म्हणाली.

विक्रेता नको नको म्हणत असताना मी गाड्या धुवायला भरून ठेवलेली बादली झाकणावर ओतली. मावशी पदर पिळत बाहेर आली.

"दिसाले देखणं, पण गळते. थेट माह्या जावयावानी!"

माझं तिथंच ठरलं, ताडपत्री. तेवढ्यात काउंटरवरून तिचा जावई ओरडला, "मामी, आपल्या गाडीले तं मी हेच झाकण बुक केलं!"

मावशीनं रिकामी बादली माझ्या हातात दिली.

"जाय, भरून आण. आता जावयाले पाहू."