वसंता मिस्त्रीची कोरी वही

जालन्याहून मंठ्याकडं निघालं की अर्ध्या तासात डाव्या हाताला काकासाहेबांचं ‘मौजवन’ लागतं. बियाण्याच्या धंद्यात हात बसला तेव्हा काकासाहेबांनी माळाला कुंपण घातलं, चार झाडं लावली आणि पाळणे-घसरगुंड्या आणून बसवल्या. सगळ्यात आधी आली ती घोड्यांची चकरी. बारा घोडे, मधोमध जाडजूड खांब, खाली मोटर. आणि चकरीबरोबर आला वसंता मिस्त्री.

वसंता मूळ तीर्थपुरीचा. अठरा वर्षं जालन्यातल्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंग बंद पडली तेव्हा काकासाहेबांनी त्याला उचलून आणलं. बायको सोनूबाईला घेऊन जालन्याच्या मस्तगड भागातल्या दोन खोल्यांत राहायचा आणि रोज पहिल्या जीपनं कामावर यायचा. माणूस कामाचा, पण ताठा असा की विचारू नका. मौजवनात दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन यायचं आणि वसंता त्याच्याभोवती एक फेरी मारून निकाल देऊन टाकायचा, “पत्रा हाये नुसता. रंग गेला की संपलं.” गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्याचंच खरं व्हायचं, त्यामुळं त्याचा ताठा उतरायचा काही प्रश्नच नव्हता.

सकाळी आठला तो चकरी हातानं फिरवायचा. खांबाला कान लावायचा, बेअरिंगवर तळवा ठेवायचा, वंगण भरायचा. मग पँट वर खोचून बाराच्या बारा घोड्यांवर स्वतः बसून बघायचा. साठीला टेकलेला गडी लाकडी घोड्यावर बसून हिंदकळे देतोय हे बघून पाणीवाल्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. हसू देत! सतरा वर्षांत त्या चकरीवरून एक पोर पडलं नाही, एक दिवस ती बंद राहिली नाही.

आता वहीचं. मौजवनात प्रत्येक खेळण्याला ऑफिसातून एक जाड वही मिळायची. जिनिंगमध्येही अशीच वही असायची, पण तिथला रिवाज वेगळा. मशीन बंद पडलं तरच वहीत ओळ चढायची, आणि ओळ चढली की फिटरला चारचौघांत उभं करून झाडायचे. ज्याचं पान दिवाळीपर्यंत कोरं, त्याला शेठ नारळ आणि टॉवेल द्यायचा. वसंतानं असे अकरा टॉवेल मिळवले होते. तेव्हा इथंही त्यानं वही कोरी ठेवली. नुसती ठेवली नाही, फडक्यात बांधून ठेवली. वहीच्या पानांवर वर काय छापलंय ते त्यानं कधी वाचलं नाही आणि त्याला ते सांगावं असं सतरा वर्षांत एकाही शहाण्याला वाटलं नाही. आधीचा मॅनेजर गेटवरची गर्दी सोडून कशाकडं बघत नव्हता, आणि तपासणी झाल्याचा वर्षाचा सरकारी कागद कसा यायचा ते काकासाहेबांनाच ठाऊक.

मग काकासाहेबांची सून राजनंदिनी पुण्याहून शिकून आली आणि तिच्यामागं एक सल्लागार साहेब आला. दोन दिवस हा गृहस्थ छातीशी टॅब धरून बागेत हिंडला. एकाही पाळण्यात बसला नाही. चपलेला धूळ लागली की रुमालानं पुसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीवर चित्रं पाडून सांगितलं की चकरी बंद करावी. का? तर तिच्यापुढं रांग लागत नाही. तिच्यावर तरणी पोरं बसत नाहीत, कारण घोड्यावर बसून रील होत नाही. तिचे सुटे भाग विकणारी कंपनी उरली नाही. आणि तिनं अडवलेल्या जागेत ‘स्काय ड्रॅगन’ नावाचा नवा उंच पाळणा बरोबर मावतो.

“पार्ट कशाला लागतेत कंपनीचे?” वसंता दारातूनच बोलला. “लेथवर बनवून आणतो मी. अन् रांग लागत न्हाई कारण बारा जण येका टायमाला बसतेत. रांग लागली तर चांगलं, का न लागली तर?”

साहेबानं पुढचं चित्र लावलं.

काकासाहेबांचा मात्र चकरीवर जीव होता. त्यांच्या नातवंडांचे पहिले फोटो त्याच घोड्यांवरचे. म्हातारा म्हणाला, “ड्रॅगन बसवा खुशाल. चकरी मागच्या कोपऱ्यात हलवा. कागद बराबर असले तर ऱ्हाऊ द्या, तिला काही खायला लागत न्हाई.”

झालं, सगळं कागदावर आलं. विमा कंपनीला गेल्या तीन वर्षांची रोजची तपासणी दाखवायची होती. राजनंदिनी म्हणाली, “वसंता मिस्त्री, तुमची वही आणा.”

वसंता गेला तो जवळजवळ पळतच. त्याला वाटलं, आता दाखवतो या पुणेकरांना. फडकं सोडून त्यानं वही टेबलावर ठेवली. राजनंदिनीनं चार पानं उलटली, आणखी दहा उलटली.

“यात तर काहीच नाही.”

“तेच तर दावून राह्यलो ना म्याडम! सतरा वर्षं झाले. येक ओळ न्हाई.”

साहेब पहिल्यांदाच मनापासून हसला. “म्हणजे सतरा वर्षांत एकदाही तपासणी नाही.”

“कोण म्हणतं न्हाई? रोज आठ वाजता करतो! बिघाडच झाला न्हाई तर लिहू काय, माझं डोंबल?”

राजनंदिनीनं बोट ठेवून त्याला पानावरचं छापील वाचून दाखवलं. तारीख. वेळ. तपासणाऱ्याची सही. बिघाडाचा रकाना सगळ्यात शेवटी, बोटभर रुंदीचा. वसंतानं वही स्वतःकडं फिरवली. जे तो रोज सकाळी करत होता तेच तिथं लिहायचं होतं, बाकी काही नाही. सही करायला लागला असता एक मिनिट.

“आत्ता लिहितो,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “बसतो रातपोत. सगळे दिवस लिहून काढतो. खरंच केलंय मी ते, म्याडम. इचारा कोणालाबी. त्या पाणीवाल्या बायांला इचारा.”

“मागच्या तारखा टाकून लिहिणं म्हणजे खोटी नोंद,” साहेब म्हणाला, गीता सांगितल्यासारखा.

आणि त्याच टेबलावर, हातभर अंतरावर, टोराटोरा नावाचा गोल फिरणारा पाळणा चालवणाऱ्या कल्याणची वही पडलेली होती. बुधवार चालू होता आणि कल्याणनं रविवारपर्यंतच्या सह्या ठोकून ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी चहा पिता पिता तो आठवडा उरकून टाकायचा. ती वही साहेबानं उघडली, मान डोलावली आणि ‘उत्तम’ म्हणून बाजूला ठेवली. टोराटोरा त्या महिन्यात चार वेळा बंद पडला होता. धन्य ती विद्या आणि धन्य ते पुणं! केलेलं काम आज लिहिलं तर खोटं आणि न केलेलं उद्याचं आजच लिहिलं तर उत्तम.

चकरी भंगारात काढायचं तिथंच ठरलं आणि काकासाहेबांनी होकार दिला. सुनेपुढं बोलायची त्यांची ताकद नव्हती, हेही सगळ्यांना माहीत होतं.

घरी सोनूबाईनं ऐकून घेतलं आणि त्याला सोडलं नाही. “दुसऱ्यांला येडे म्हणता म्हणता तुम्हीच येडे निघाले. येवढे डोळे फोडून पेपर वाचता, त्या वहीचं पान वाचायला काय झाल्तं? आपल्यापेक्षा शहाणं कोणी न्हाईच ना दुनियेत!” वसंताला राग आला, पण बोलायला जागा नव्हती. त्याचा ताठाच चकरीला नडला होता आणि ते त्याला कळत होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

दहा दिवसांनी भंगारवाले आले. त्यांना मधल्या खांबाचा नट सुटेना, म्हणून त्यांनी वसंतालाच बोलावलं. त्यानं एका हातानं सोडवून दिला. आतलं बेअरिंग वंगणानं ओलंचिंब होतं, चरासुद्धा पडलेला नव्हता. भंगारवाला म्हणाला, “मामा, हे तं नवंच हाये.” वसंता तिथून निघून गेला आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन ढसाढसा रडला.

पुढं ड्रॅगन आला. काकासाहेबांच्या शब्दाखातर वसंताला त्याच्यावर ‘टेक्निशियन’ नेमलं, निळा शर्ट दिला. पहिल्या सोमवारी त्यानं यंत्राच्या पेटीची किल्ली मागितली. राजनंदिनी म्हणाली, “पेटीला सील आहे. आपण उघडली तर गॅरंटी जाईल. कंपनीचे लोक तीन महिन्यांनी येतात.”

“मंग तपासू कसं?”

“तुम्ही फक्त सही करा.”

वसंतानं वही जवळ ओढली. एक एक रकाना नीट वाचला. मग सोमवार ते रविवार, सात सह्या, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. सल्लागार साहेब खूश झाला. म्हणाला, बघा, माणूस शिकतो.

रविवारी तोबा गर्दी. ड्रॅगनपुढं दीडशे माणसांची रांग, वरून पोरांच्या किंकाळ्या, टोराटोरावरून इकडं आणलेला कल्याण बटणावर आणि वसंता फाटकाशी. पट्टे लावायचे, साखळी सोडायची, एवढंच काम. दोन पाळ्या गेल्या. तिसऱ्या पाळीला एक बाई पुढं आली, हाताशी नऊ-दहा वर्षांची पोरगी. बाईनं मान वर करून त्या अक्राळविक्राळ धुडाकडं पाहिलं आणि वसंताला विचारलं, “दादा, बराबर हाये ना हे? बसवू का पोरीला?”

वसंतानं ड्रॅगनच्या सीलबंद पेटीकडं पाहिलं. हातातली साखळी तशीच. मागून लोक ओरडायला लागले.

“न्हाई बाई,” तो शेवटी म्हणाला. “ह्याला आठ दिवसांत कोणी हात लावून पाह्यला न्हाई. मी बी न्हाई.”

बाईनं पोरीला मागं ओढलं. तिच्या मागच्यानं ऐकलं, त्याच्या मागच्यानंही. पाच मिनिटांत फाटकापुढं जागा मोकळी झाली आणि तिकिटाच्या खिडकीवर भांडणं सुरू झाली. राजनंदिनी धापा टाकत आली. हातात वही.

“अहो, डोकं फिरलंय का तुमचं? या सात सह्या कुणाच्या?”

“माझ्याच.”

“मग?”

वसंतानं साखळी फाटकाला अडकवली आणि निळ्या शर्टाची बटणं काढायला लागला.

“सही तुम्ही मागितली, म्याडम, तुम्हाला दिली. त्या बाईनं मला इचारल्तं.”