लाखेनं बुजवलेला दात

"आवं बाई, लाख हाय ती. क्लारनेटच्या गाद्या चिकटवायची. पाण्यानं, थुकीनं, कशानं म्हणून सुटत न्हाई."

"ते ठीक आहे धनाजीराव, पण ती दातात कशी गेली?"

"जाती कशी? म्याच भरली."

डॉक्टर निरुपमाबाईंनी हातातला इवलासा आरसा त्याच्या तोंडातून बाहेर काढला आणि खुर्चीवरचा दिवा बाजूला सारला. बडोद्याच्या दांडिया बाजारात बावीस वर्षं दात बघताना त्यांना लोकांच्या दातांत काय काय सापडलं होतं. सुपारी, आगकाडीचं गुल, एकदा तर शर्टाचं बटण. वाद्यं दुरुस्त करायची लाख मात्र आजच पहिल्यांदा भेटली.

धनाजीरावाचा वरचा ओठ असा काही सुजला होता की मिशी छपराच्या वळचणीसारखी पुढं आली होती. नाकाची एक बाजू फुगून डोळ्याला जाऊन भिडलेली. आणि परवा निजामपुऱ्यात एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलाचा वरघोडा. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड आणि बँडच्या पुढं धनाजीराव. गेली अठरा वर्षं ती जागा त्याची.

माण तालुक्यातनं एकोणिसाव्या वर्षी तो बडोद्याला आला तेव्हा अंगावर एक सदरा होता आणि पोत्यात गुंडाळलेलं क्लॅरिनेट. तेवढ्यावर त्यानं बापूच्या बँडमध्ये पुढची जागा मिळवली. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं सगळं भांडवल वरच्या दोन पुढच्या दातांत. माऊथपीस त्या दातांवर टेकतं आणि फुंकर तिथनं सुटते. त्यातला एक दात गेला की माणूस फुटक्या सायकलट्यूबसारखा फुसफुसतो. वर बापूनं हल्ली नवंच टुमणं लावलं होतं. शहरात नवा पैसा आला होता आणि त्याबरोबर हातगाडीवर की-बोर्ड आणि भोंगे लावून लग्नं गाजवणाऱ्या पार्ट्याही आल्या होत्या. "त्याला दात नाय, दम लागत नाय, आणि तो चहा पण मागत नाय ने," असं बापू येताजाता ऐकवायचा.

दाताचं मूळ दुखणं सहा वर्षांपूर्वीचं. एका वरातीत नवऱ्या मुलाचा मामा नागीणनाच करता करता उसळला आणि त्याचं कोपर क्लॅरिनेटवर बसलं. माऊथपीस दातावर आपटलं. दोन दिवस ठणकलं, मग थांबलं. दात हळूहळू राखाडी पडत गेला. धनाजीरावाला वाटलं, माणसाचे केस पिकतात, तसा दातही पिकला असेल.

यंदा डिसेंबरात कमुरतं लागली. कमुरत्यांत गुजरातेत लग्नाचं नाव काढत नाहीत, बँडवाले महिनाभर माशा मारतात. दातानंही तेवढा मोकळा महिना हेरला आणि ठणकायला लागला. कांचननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लवंग दिली. औषधाच्या दुकानातनं गोळ्या आणल्या. गोळी खाल्ली की थांबायचं, सुटली की दुप्पट. बापू म्हणाला, "उपटून टाक ने, एकाच झटक्यात." कांचन म्हणाली, "वरचा दात उपाटला की डोळं जात्यात. माज्या मामाचं गेल्यालं." मामाचे डोळे मोतीबिंदूनं गेले होते, पण कांचनच्या माहेरच्या माणसांबद्दल वाद घालून कोण जिवंत राहिलंय!

शेवटी तो निरुपमाबाईंकडं आला. त्यांनी एक्स-रे काढून दाखवला. मुळाच्या टोकाशी उडदाएवढा काळा डाग.

"दाताच्या आतली नस कधीच मेलीये धनाजीराव. कुजून मुळाशी पू झालाय. दात उपटायची गरज नाही आणि दातामुळे डोळे जात नाहीत. मागच्या बाजूनं बारीक भोक पाडायचं, आतली घाण काढायची, नळी धुवायची, मग भरून बंद करायची. तीन-चार वेळा यावं लागेल."

"लई दुखंल?"

"मेलेलं काय दुखणार?"

हे मात्र खरं निघालं. रूट कॅनालबद्दल बँडमधल्या ढोलवाल्यानं काय काय सांगितलं होतं. हातोडी असते, छिन्नी असते, चार माणसं धरतात. तिथं तर केसासारख्या बारीक सुया निघाल्या आणि धनाजीरावाला खुर्चीत चक्क डुलकी लागली. बाईंनी आत औषध ठेवलं, वरनं पांढरं कच्चं सिमेंट लावलं आणि निघताना तीनदा बजावलं. "हे तात्पुरतं आहे. दुखायचं थांबलं म्हणून संपलं असं नाही. पुढच्या सोमवारी या."

दुखायचं थांबलं. धनाजीराव पुढच्या सोमवारी गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सुतार दार नीट करून गेल्यावर त्याच्या घरी दोनदा हेलपाटा कोण घालतं! दार लागतंय ना? झालं तर मग.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगांच्या गडबडीत त्यानं तिळाच्या चिक्कीचा मोठा तुकडा पुढच्या दातांनी तोडला. कच्चं सिमेंट चिक्कीबरोबर पोटात गेलं. जिभेला मागं भोक लागलं. आता शहाणा माणूस डॉक्टरकडं गेला असता. पण धनाजीराव कारागीर माणूस. क्लॅरिनेटच्या चाव्यांखालच्या गाद्या तो स्वतः बसवायचा. कुठनं हवा गळत असेल तर लाख तापवायची, थेंब सोडायचा, दाबायचं. दातात भोक म्हणजे हवा गळणार, एवढा साधा हिशेब. त्यानं मेणबत्तीवर लाख मऊ केली, कांचनच्या केसांच्या आकड्याच्या टोकावर घेतली, आरशात बघत दाताच्या मागं दाबून बसवली. वर माऊथपीसला लावायची वेताची पत्ती ओली करून एक तान मारून बघितली. कुठं गळती नाही. फुशारकीनं बापूलाही दाखवलं.

चौथ्या दिवशी ओठ सुजला. कांचननं तव्यावर फडकं गरम करून बाहेरनं दोन तास शेकलं. सकाळी नवरा तिला ओळखू येईना.

"शेकलंत पण?" निरुपमाबाई आता खरोखर चिडल्या. "अहो, बाहेरून शेकलं की पू बाहेरच्या दिशेनं सरकतो. गालाला भोक पडायचं राहिलं. आणि लाख! आत घाण, वर बूच. पुवानं जायचं कुठं?"

"मंग तुमी शेवटाला काय भरणार हुता?"

"गुलाबी रबर असतं एक. झाडाच्या चिकाचं."

"मंजी तुमीबी डिंकच भरता की! मंग माजं काय चुकलं?"

"मी आधी धुते, मग भरते. तुम्ही आधी भरलंत!"

धनाजीरावानं पुन्हा आ वासला. बाईंनी लाख टोकरायला घेतली. ती खरंच चिवट निघाली, पाच मिनिटं यंत्र किरकिरलं. मग बूच उडालं आणि आतनं जे काही बाहेर आलं त्याच्या वासानं मदतनीस बाई खिडकी उघडायला धावली. धनाजीरावाला मात्र डोक्यातनं धोंडा काढल्यासारखं वाटलं. आत धुऊन, औषध घालून, पुन्हा कच्चं सिमेंट लावून बाई म्हणाल्या, "गोळ्या पाच दिवस, पूर्ण घ्यायच्या. गोळ्यांनी सूज उतरते, दात बरा होत नाही, तेव्हा यायचं. आणि दहा दिवस क्लॅरिनेट बंद."

"परवा वरघोडा हाय बाई. त्या दिवशी फुकलं न्हाई तर बापू माज्या जाग्यावर ती की-बोर्डाची पेटी आनतोय. त्यापरास उपटाच. खोटा बसवा."

"उपटलं तरी परवा वाजवता येणार नाही. जखम भरायला, खोटा दात बसायला दोन-तीन महिने. आणि त्यावर जोर दिलात की हलायला लागेल. स्वतःचं मूळ हाडात घट्ट आहे तोवर ते ठेवा. बोला, दहा दिवस की तीन महिने?"

धनाजीरावानं बोटांवर पुढच्या लग्नांच्या तारखा मोजल्या.

"धा," तो म्हणाला.

बापूनं ऐकलं आणि आधी आई काढली, मग बाप काढला, मग निजामपुऱ्याला हातगाडी आणि की-बोर्ड भाड्यानं सांगितला. धनाजीरावाच्या हातात खुळखुळे दिले. लाल कोट, सोनेरी झालर, टोमॅटोएवढा ओठ आणि दोन खुळखुळे. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. की-बोर्ड जोरात वाजला, हे धनाजीरावानंही कबूल केलं. पण भर चौकात वरात मंडपात शिरायच्या वेळी जनरेटरचं डिझेल संपलं. भोंगे गप्प झाले आणि घोडा, नवरा, बापू सगळे धनाजीरावाकडं बघायला लागले. क्लॅरिनेट पेटीत होतं. पेटी पाठीवर होती. हात एकदा पट्ट्याकडं गेलाही.

"अरे, दोनच मिनिट ने!" बापू गयावया करत आला.

"दोन मिनटाचं तीन म्हैने हुत्यात," धनाजीराव म्हणाला आणि खुळखुळे हलवत राहिला. नवरदेव ढोल आणि खुळखुळ्यांवर मंडपात गेला.

त्यानंतरचे तीन सोमवार तो वेळेवर गेला. नळी भरली. पुन्हा एक्स-रे झाला. दात आतनं वाळक्या काडीसारखा ठिसूळ होतो म्हणून बाईंनी वर टोपी घातली. "उसाला, अक्रोडाला हा दात लावायचा नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या, दुखत नसलं तरी या."

"न दुकता यायचं?" धनाजीरावाला हा प्रकार नवा होता. पण त्यानं बिनबोभाट तारीख कागदावर लिहून घेतली.

तिथनं तो सरळ बापूच्या दुकानात आला. कोट अडकवला, क्लॅरिनेट जोडलं, पत्ती ओली केली, नव्या टोपीवर माऊथपीस टेकवून फुंकर मारली. सूर बकरी कापल्यासारखा फाटला.

"झालं?" बापू म्हणाला. "परत हातगाडी सांगू?"

"गप ऱ्हा. दात नवा हाय, वळख हुयाला येळ लागतो." टोपी जुन्या दातापेक्षा किंचित जाड होती. त्यानं माऊथपीस तसूभर खाली घेतलं, पत्तीची कड ब्लेडनं खरवडली, परत फुंकलं. फाटलं, पण कमी. चार वाजता खंडेराव मार्केटजवळनं वरात निघायची होती आणि आता कुठं दोन वाजले होते. धनाजीरावानं पत्ती पुन्हा जिभेवर धरली आणि भिंतीकडं तोंड करून खालच्या सा पासनं सुरुवात केली.