बाबांचा श्वासवर्ग आणि माझी रिकामी पावडर

गांजातली औषधी द्रव्यं धुराशिवाय, पावडरीच्या रूपात, श्वासावाटे फुप्फुसात नीट कशी पोचतील यावर मी सिंगापूरमध्ये काम करते. हे वाक्य मी सहसा उच्चारत नाही. ज्या देशात विमान उतरायच्या आतच अमली पदार्थांची शिक्षा प्रवाशांना ऐकवतात, तिथे लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी विचारलं की ‘फार्मा’ म्हणून मोकळं व्हावं. आमच्याकडे परवाने आहेत, कुलपं आहेत, आणि कुलपांवर लक्ष ठेवणारी माणसं आहेत. मूळ द्रव्य माझ्या हाती क्वचितच येतं. बहुतेक दिवस मी रिकाम्या पावडरीवर काम करते. म्हणजे सगळं तसंच, फक्त औषध नाही. औषध नसलेलं औषध सुधारण्याचा मला पगार मिळतो.

आई गेल्यापासून बाबा दरवर्षी काही महिने पुण्याहून माझ्याकडे यिशुनला राहायला येतात. त्यांना मात्र मी पहिल्याच वर्षी खरं सांगून टाकलं. ते चहा पीत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, “गांजा ओढायला पीएच.डी. लागते? आमच्या गावात देवळामागे बसणारे बैरागी हे काम कुठल्याही पदवीशिवाय करायचे.”

मी त्यांना समजावलं की बैराग्यांच्या फुप्फुसांचं पुढे काय झालं ते कुणी तपासलेलं नाही. आम्हाला धूर नको, मोजका डोस हवा, तोही वेदनेने हैराण झालेल्या रुग्णांसाठी. आणि हे द्रव्य महा चिकट. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिठीसाखरेसारख्या पावडरीच्या गुठळ्या होतात. त्या फोडायला श्वास जोरात ओढावा लागतो, नाहीतर सगळं घशातच बसतं.

“श्वास ओढायचा नसतो, येऊ द्यायचा असतो,” बाबा म्हणाले.

हे ते अधिकाराने बोलत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्राणायाम इतका मनावर घेतला, की आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे इथल्या व्हॉइड डेकवर, त्यांचा रोज सकाळी वर्गच भरू लागला. मुलांकडे राहायला आलेले पुण्या-मुंबईचे आईबाप, म्हणजे दिवसभर नातवंडांचं इथल्या वळणाचं ‘नो ला, आजी’ ऐकून घेणारी माणसं, तिथे एक नाकपुडी दाबून बसत. बाबांना सगळे ‘सर’ म्हणत. सर बसल्याशिवाय कुणी बसत नसे. सरांना खोकला आला तर वर्ग सौजन्याने खोकत असे. हे मी गमतीने सांगत नाही, स्वतः ऐकलेलं आहे.

आम्हाला तेव्हा वयस्क स्वयंसेवक हवे होते. काम सोपं होतं. रिकामं इनहेलर तोंडात धरून श्वास घ्यायचा. तो पुरेसा जोरात असला की आतली शिट्टी वाजते. मी बाबांना विचारलं, बाबांनी वर्गाला. सुरुवातीला कुणी फारसा उत्साह दाखवला नाही. मग औषध कशापासून बनतं हे कुणाकडून तरी फुटलं आणि एका रात्रीत संख्या दुप्पट झाली. निवृत्त इंजिनिअर असलेल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन, इनहेलर नक्की रिकामंच असेल ना, अशी चौकशी केली. सुरक्षिततेच्या काळजीने विचारत असतील म्हणून मी ठामपणे हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात सगळे धुतलेल्या कपड्यांत, नाश्त्याचे डबे घेऊन हजर झाले. अर्थातच आधी सर. बाबांनी डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि श्वास येऊ दिला. शिट्टी वाजली नाही. आमच्या प्रमुख बाई, इथल्याच, अत्यंत शिस्तीच्या, हसून म्हणाल्या की अंकल, जरा जोरात. बाबांनी पुन्हा केलं. नाही वाजली. मग बाकीच्यांनी एकेक करून केलं, आणि कुणाचीच वाजली नाही.

त्यानंतर ऑफिसात जे झालं त्याला मी संशोधन म्हणणार नाही. वृद्ध भारतीय फुप्फुसांवर स्लाइड्स तयार झाल्या. सध्याचं मिश्रण एवढ्या क्षीण श्वासाला झेपणारं नाही, असं ठरलं. पावडर अधिक हलकी हवी, कण कमी चिकट हवेत, फुंकरीसरशी उडायला हवेत. महत्त्वाची त्रुटी उघडकीला आणल्याबद्दल माझं मीटिंगमध्ये कौतुक झालं. टाळ्या वाजल्या आणि मी त्या निमूटपणे घेतल्या.

वर्गातल्या डोंबिवलीच्या काकूंची छत्री त्या दिवशी ऑफिसात राहिली होती. ती घ्यायला त्या नंतर एकदा आल्या. टेबलावरचं इनहेलर पाहून त्यांनी आधी दाराबाहेर डोकावून बघितलं, सर बरोबर नाहीत ना याची माझ्याकडून खात्री करून घेतली, आणि मग अशी खणखणीत शिट्टी वाजवली की शेजारच्या खोलीतून माणूस पाहायला आला.

मी थक्क झाले. विचारलं, मग त्या दिवशी काय झालं होतं?

“सरांची वाजली नाही ना गं,” काकू म्हणाल्या. “मग आम्ही आमची वाजवून कसं चालेल?”

सगळ्यांनीच तसं केलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही पडली नव्हती. एका माणसाचा मान राखायला आमची कंपनी अख्खं मिश्रण बदलायला निघाली होती. मला हसू आलं आणि ते मध्येच थांबलं. बाकीच्यांनी श्वास आवरला होता. बाबांनी नव्हता आवरला. त्यांचा होताच तेवढा. जिन्याच्या मध्यावर थांबून ते मला झाडांची नावं का विचारायचे, बोलता बोलता रेलिंग का धरायचे, ते त्या क्षणी लख्ख कळलं. मी श्वासावर काम करणारी बाई, आणि घरातला श्वास मला ऐकू आला नव्हता. मला भयंकर भीती वाटली.

घरी गेल्यावर मी काही आडपडदा ठेवला नाही. बाबा भाजी निवडत होते. म्हटलं, त्या सगळ्यांची शिट्टी वाजते, बाबा.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “कोण श्वास घेतंय आणि कोण धरून ठेवतंय, एवढंही मला कळणार नाही का?”

मग डॉक्टरकडे का गेला नाहीत, असं मी जवळजवळ ओरडलेच. ते म्हणाले, प्राणायाम शिकवणाऱ्याने दम लागतो म्हणून दवाखान्यात जायचं, हे कसं दिसेल? मला इतका राग आला की पुढे रडूच आलं. आईच्या वेळीही आपण असंच, कसं दिसेल ते बघत बसलो होतो, असं मी बोलून गेले. बाबांनी उरलेली भाजी पूर्ण निवडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण त्या आठवड्यात सगळी मंडळी पुन्हा पाया लेबारला आली, या वेळी डबे न घेता. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी नुसती मान हलवली. एकामागून एक शिट्ट्या वाजायला लागल्या. इंजिनिअर काकांनी तर थांबायचं नावच घेतलं नाही. काकू मात्र वाजवताना बाबांकडे बघत नव्हत्या.

प्रमुख बाई गोंधळून गेल्या. मिश्रण बदलायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, बदलायचं, कारण एक श्वास खरा होता. त्यांनी बाबांना विचारलं, अंकल, तुम्ही नाही करणार? बाबा इंग्रजीत म्हणाले, माझं त्या दिवशीच बरोबर आलं होतं, तेच ठेवा.

परतताना बिशान स्टेशनवर गाडी बदलायची होती. बाबा नेहमी जिन्याने जायचा हट्ट धरतात. त्या दिवशी ते मुकाट्याने लिफ्टसमोर जाऊन उभे राहिले.

“डॉक्टरांची वेळ घे,” ते म्हणाले. “आणि माझ्याबरोबर आत ये. ते विचारतील तेव्हा मी खोटं सांगेन. तू खरं सांग.”