गादीवरच्या पादुका

आमच्या अकोल्याच्या घरात दोनच गोष्टींचे ढीग लागतात: कापसाचे आणि मामाजींच्या किश्शांचे. कापूस निदान गाड्यांत भरून मुंबईला जातो. किस्से माझ्याजवळच राहतात, कारण नव्या सुनेला इथे तोंड नाही, नुसते कान आहेत. अमरावतीहून येऊन चार महिने झाले, मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, मी परवापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. म्हणून तुम्हाला सांगते, बायांनो!

*

अमेरिकेत म्हणे लढाई पेटली, आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास मामाजींनी पोथीत भरताची कथा ऐकली. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरत खाली बसला, चाकर म्हणून राज्य चालवलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या पेढीच्या गादीवर चंदनी पादुका आल्या.

"आजपासून मालक हे. मी निव्वळ चाकर!"

आणि मामाजी खाली बसले. खाली म्हणजे, दोन गाद्या एकावर एक टाकून!

*

अंगणात वीस बाया रेचे फिरवून कापसातली सरकी काढतात. फाल्गुनाचं ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी मांडव मागितला.

"मले काय मागता व? मालकाले विचारा!" मामाजींनी पादुकांकडे बोट केलं. पादुका काही बोलल्या नाहीत. मांडव काही आला नाही.

त्याच दुपारी गोरा साहेब आला. "ये कपास किसका है?"

"मेरा साहेब, मेरा!"

दोनदा!

*

पादुकांना रोज वाटीभर केशरी दुधाचा नैवेद्य असतो. त्या दूध पीत नाहीत, हे मामाजींना पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हापासून हाही त्याग ते एकटेच सोसतात.

*

आता गयाचं सांगते. हे हसून सांगता येत नाही.

रेच्यावर गयाचा हात सगळ्यांत चलाख. तिची चार महिन्यांची लेक मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, म्हाताऱ्या सासूपाशी. इकडे आणायची बंदी. लेकरू कापूस घाण करतं! दुपारी पाजून येते, म्हणून गयाने तीनदा विचारलं. तीनदा तेच बोट, त्याच पादुका.

चौथ्या दिवशी तिची चोळी दुधाने भिजली. मामाजी धावले. मला वाटलं, आता तरी!

"मांगं सरक व! कापूस भिजून राहिला! भरत चौदा वर्षं रामाविना राहिला, तुले दोन पहर पोरीविना राहवत नाही?"

माझ्या सासूबाईंनी मान डोलावली. दाराआड मी पदर दातात धरला होता. लग्नातलं लुगडं, टर्रकन फाटलं.

*

परवा एकादशी. पेढीवर पोथी वाचायला शास्त्रीबुवा, ऐकायला गावातली सगळी मोठी मंडळी जमलेली. मामाजी डोळे मिटून सांगत होते, "चार माणसांचा पुढारी म्हणजे त्यांचा दास. त्याले सोताची इच्छाच नसते..."

अंगणात रेच्यावरून गया उठली. मंडळीतून वाट काढत थेट गादीपाशी गेली आणि पादुकांपुढे हात जोडले.

"मालक, लेक उपाशी हाय. जाऊ का?"

गया पादुकांकडे बघत थांबली. पुरेसा वेळ दिला.

"मालक नाई म्हनत नाई," ती शास्त्रीबुवांना म्हणाली, आणि निघाली.

शेजारची उठली, पादुकांना नमस्कार करून निघाली. मग तिसरी. बघता बघता वीसही रेचे गप्प.

"अवं, चालल्या कुठं साऱ्या?" मामाजी ओरडले. "रेचे कोन चालवीन आता?"

मी फाटका पदर डोक्यावर सारखा केला आणि दाराबाहेर आले.

"मामाजी," मी म्हटलं, "मालकाले विचारा!"